बीपीची गोळी सोडायला सांगणारा तो मेसेज

‘बीपीच्या गोळीने मेंदू सुकतो. गोळी सोडा, ब्राह्मी आणि पाच भिजवलेले बदाम घ्या, पहाटे तीनला उठा, एकवीस दिवसांत स्मरणशक्ती परत येईल.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने कुणाला न सांगता गोळी थांबवली. डोकं दुखायला लागलं म्हणून बीपी मोजलं, तेव्हा आम्हाला कळलं.

गोळीने मेंदू सुकत नाही. मेंदूला नुकसान होतं ते वाढलेल्या बीपीने. मेंदूच्या आतल्या भागात अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की त्या जाड होतात, काही बंद पडतात. कधी घरात कुणालाही न कळता पक्षाघाताचे लहान झटके येऊन जातात आणि विसराळूपणा तेवढा दिसतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची आटोक्यात आणता येणारी १४ कारणं मांडली. त्यांत उच्च रक्तदाब आहे, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव आणि एकटेपणाही आहे. ही सगळी दूर केली तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. आणि यातलंच एक कारण रोखणारी गोळी बंद करायला हा मेसेज सांगतो!

काही औषधांनी विसरायला होतं, एवढं मान्य. झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या. बीपी फार खाली गेलं तरी सुस्ती येते, चक्कर येते. पण मग डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यायचा. परस्पर गोळी बंद करायची नाही.

ब्राह्मीवर लहान अभ्यास झालेत, काहींत थोडा फायदा दिसलाय. बीपीच्या गोळीची जागा मात्र ती घेत नाही. बदाम खा, चांगलेच आहेत.

पहाटे तीनला उठायचं तर रात्री आठला झोपा. दिवसभरात शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत. रात्री अकरापर्यंत मालिका बघून तीनचा गजर लावणाऱ्याला पाठांतर कसं राहील?

विसरायला होत असेल तर जे तपासायला हवं, ते या मेसेजमध्ये नाहीच. शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांतही ते घटतं. थायरॉइड बघा. आणि कान. समितीच्या हिशेबात ऐकू कमी येणं हे सगळ्यात मोठ्या दोन कारणांपैकी एक आहे. मावशी टीव्हीचा आवाज वाढवत चालली आहे, तरी कानाची तपासणी अजून झालेली नाही. ती या आठवड्यात करतोय. गोळी कालपासून डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झाली आहे.