‘निर्बंधांनी काही होत नाही’? मग सिंगापूरचे आकडे बघा

म्यानमारवरचे निर्बंध म्हणजे पाश्चात्त्यांचं ढोंग, असा एक लांबलचक मेसेज सध्या पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. काल तो आत्याने मला पाठवला, खाली स्वतःचं वाक्य जोडून : ‘आपल्याला काय करायचंय, उगाच डाळ महागते.’ आत्याने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, म्हणून जास्तच लागलं. मेसेजमध्ये चार दावे आहेत. निर्बंधांनी आजवर एकही लष्करी राजवट हलली नाही, त्यात फक्त गरीब मरतात, आपली तूर-उडीद महाग होते, आणि रशिया-चीन हवं ते पुरवतातच, मग इतरांनी धंदा का सोडायचा?

डाळीचं आधी उरकतो. डाळीवर कुणीही निर्बंध लावलेले नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि त्याच वर्षी जूनमध्ये भारताने म्यानमारशी पाच वर्षांचा करार केला : दरवर्षी अडीच लाख टन उडीद, एक लाख टन तूर. मार्केट यार्डात लेमन तूर म्हणून मिळते ती तिथलीच.

एकही राजवट हलली नाही? डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये जनरल यारुझेल्स्कींनी लष्करी कायदा पुकारून सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार संघटनेचे हजारो कार्यकर्ते डांबले. अमेरिकेने निर्बंध लावले आणि ते उठवण्यासाठी कैद्यांच्या सुटकेचा आग्रह धरला. १९८६ मध्ये राजकीय कैदी सुटले, १९८७ मध्ये उरलेले निर्बंध उठले. देशातली चळवळ नसती तर नुसत्या निर्बंधांनी काही झालं नसतं, हे खरंच. पण ज्या शहरात टिळकांनी बहिष्काराला चतुःसूत्रीत बसवलं आणि नंतर त्याच म्यानमारमधल्या मंडालेत सहा वर्षांची कैद भोगली, तिथे बसून आर्थिक दबाव निरुपयोगी म्हणायचं? दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारशी व्यापार १९४६ मध्ये पहिल्यांदा भारताने तोडला, अमेरिकेने नव्हे.

गरीब मरतात, यात तथ्य आहे. नाइलाजाने मान्य करतो. अमेरिकेने २००३ मध्ये म्यानमारचा सगळाच माल बंद केला तेव्हा कपड्यांचे कारखाने बसले आणि हजारो तरुण मुलींची रोजी गेली. इराकमध्ये तर सरसकट निर्बंधांनी लोकांचे अतोनात हाल झाले. पण २०२१ नंतरचे निर्बंध प्रामुख्याने लष्कराच्या कंपन्यांवर, सेनापतींवर, सरकारी तेल-वायू कंपनीवर आणि परकीय चलनाच्या बँकांवर आहेत. शिवणकाम करणाऱ्या मुलीचं खातं त्यात गोठत नाही.

खरा घातक दावा चौथा, कारण त्यात हात झटकायची सोय आहे. म्यानमारमधल्या मानवी हक्कांवर लक्ष ठेवणारे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये अहवाल दिला. सत्ता बळकावल्यापासून म्यानमारच्या लष्कराने किमान १०० कोटी डॉलरची शस्त्रं, सुटे भाग आणि कच्चा माल बाहेरून घेतला होता. रशियातून ४०.६ कोटी, चीनमधून २६.७ कोटी. आणि सिंगापूरमधून २५.४ कोटी! बॉम्ब टाकणारी विमानं अशाच आयातीवर उडत राहतात. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये म्यानमारच्या सागाइंग प्रांतातल्या पाझिजी गावावर लष्कराचा हवाई हल्ला झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती.

अहवालानंतर सिंगापूर सरकारने चौकशी केली. अँड्र्यूज यांच्या जून २०२४ च्या अहवालात निकाल आहे : सिंगापूरमधून जाणारा माल वर्षाला ११ कोटी डॉलरहून घसरून जेमतेम एक कोटीवर आला, आणि बँकांमार्फत होणारी लष्कराची एकूण खरेदी एक तृतीयांशाने घटली. रशिया-चीन जागेवरच होते, तरीही. थायलंडमधून जाणारा माल मात्र दुपटीने वाढला, म्हणजे एक दार बंद केलं की दुसऱ्यावर लक्ष ठेवावंच लागतं.

२०२३ च्या त्याच अहवालात भारताच्या नावापुढे ५.१ कोटी डॉलर आहेत आणि पुरवठादारांत सरकारी मालकीच्या कंपन्याही आहेत. ‘आपल्याला काय करायचंय’ याचं उत्तर तिथे आहे. हा पुरवठा थांबवा, असं आपण आपल्या खासदाराला सांगायला हवं, आणि त्यासाठी डाळीचा एक दाणाही अडवावा लागत नाही.