आर्मी नंबर आणा, मग बघू

आज पाचव्यांदा हात हलवत परत आलो. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, कारण सहाव्यांदा तिथंच जायचंय.

काम साधं आहे. माझा पणजोबा पहिल्या महायुद्धात गेला आणि परत आला नाही. तो कुठल्या पलटणीत होता, कुठं मेला आणि कधी, एवढं मला कागदावर हवंय. जमीन नको, पेन्शन नको, सवलत नको. आणि इथंच घोळ होतो. काहीच मागत नाही म्हटलं की सरकारी माणसाला जास्त संशय येतो. "मग कशाला पाहिजे?" हा प्रश्न मला आतापर्यंत सात टेबलांवर विचारून झालाय.

पहिल्यांदा रेकॉर्ड रूममध्ये गेलो, तेव्हा खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "कुणबीच ना? फॉर्म तिकडं." 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून या खिडकीवर दुसऱ्या कामाला माणूस येतो हेच ते विसरलेत. ज्यांना नोंदी हव्यात त्यांनी जरूर शोधाव्यात, माझी काडीची तक्रार नाही. उलट त्या निमित्तानं मोडी वाचणाऱ्यांना कुणीतरी विचारायला लागलं आणि जुने कागद बांधून ठेवलेल्या, वर्षानुवर्षं न सुटलेल्या रुमालांच्या गाठी सुटल्या. पण मी म्हटलं, "नाही हो, पणजोबा लढाईत गेले, त्यांचं रेकॉर्ड." तर शेजारच्या टेबलावरचा हसत म्हणतो, "कुठली लढाई? पानिपत?" आणि दोघं हसले. मीही हसलो. का हसलो, याचाच आता जास्त राग येतोय.

बरं, जिल्ह्याच्या दफ्तरात माझं काय काम, असं कुणाला वाटेल. तर सांगतो. माझी पणजी दर महिन्याला तालुक्याला चालत जायची नवऱ्याच्या पेन्शनचे पैसे आणायला. माझ्या आजोबांनी हे डोळ्यांनी बघितलंय, तिचा पदर धरून तेही जायचे. म्हणजे पैसे देणारा कुणीतरी बसलेला होता, त्याच्यापुढं रजिस्टर होतं, रजिस्टरात तिच्या नवऱ्याचं नाव, नंबर, पलटण होती आणि पुढं तिचा अंगठा होता. अंगठा घेताना दर महिन्याला ती बरोबर सापडायची. आता शंभर वर्षांनी तिचा पणतू विचारायला आला की म्हणे "अभिलेखावर आढळून येत नाही".

हे "आढळून येत नाही" मला लेखी मिळालंय. दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अधिकार टाकला होता. तीस दिवस पुरे होता होता दोन ओळींचं उत्तर आलं, त्यातली एक ओळ संदर्भ क्रमांकाची. खाली तळटीप: सदर अभिलेख 'ब' वर्गातील असल्यास मुदतीनंतर नष्ट करण्यात आले असावेत. असल्यास! असावेत! आपल्याकडं सरकारी कागदाचे वर्ग असतात: अ कायमचा, ब तीस वर्षांचा, आणि खाली उतरत उतरत ड वर्ग वर्षभरात रद्दीत. ठीक आहे, नियम आहे. पण मग नष्ट केल्याची यादी असते ना? ती दाखवा म्हटलं. तर ती यादीही आढळून येत नाही. वाळवी खाते ते खाते, पण इथली वाळवी नेमकी अनुक्रमणिका आधी खाते असं दिसतंय.

तिथून मला माजी सैनिकांच्या ऑफिसात पिटाळलं. तिथला माणूस स्वतः फौजी होता, चहा पाजला, नीट ऐकून घेतलं, आणि मग म्हणाला, "साहेब, आर्मी नंबर आणा, मग बघू. नंबरशिवाय कुणालाच काही सांगता येत नाही." आमच्याकडची रजिस्टरं दुसऱ्या महायुद्धापासूनची आहेत, हेही सांगितलं. त्याच्यावर राग काढता येत नाही. चूक त्याची नाही.

पण नंबर आणू कुठून?

नंबर होता. घरातच होता. पहिल्या महायुद्धात गेलेल्या शिपायाला चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल मिळायचं, आणि त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असायची. मला जे हवंय ते सगळं त्या दोन-तीन मिलिमीटरच्या कडेवर होतं. पणजोबाचं मेडल घरी आलं, आणि आजोबांच्या बहिणीच्या लग्नात त्याची जोडवी केली. दुष्काळाचं साल होतं, घरात तेवढीच चांदी होती. तिनं ती जोडवी मरेपर्यंत घातली. माझा पणजोबा, नंबर आणि पलटणीसकट, चाळीस वर्षं शेणामातीत आणि उंबऱ्यावर वाजत होता. यावर कुणावर ओरडायचं?

राहिली ती थाळी. मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी इंग्रज सरकारनं एक ब्राँझची गोल थाळी पाठवली होती, बारा सेंटीमीटर रुंद, वर ब्रिटानिया आणि सिंह. तेरा लाखांहून जास्त थाळ्या काढल्या होत्या, गोरे लोक तिला थट्टेनं 'मढ्याचा पैसा' म्हणायचे. आमच्या घरी ती दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून होती. सिंहाचं नाक घासून सपाट झालंय. तिच्यावर पणजोबाचं नाव आहे. फक्त नाव. हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही, कारण म्हणे मेल्यावर सगळ्यांचं बलिदान सारखं, त्यात लहान-मोठा नको. विचार थोर आहे हो! पण आडनाव महाराष्ट्रात दर दहा घरांमागं सापडणारं असेल तर त्या थोर विचाराचं मी काय लोणचं घालू?

त्यात स्पेलिंग. भरतीच्या वेळी गोऱ्या साहेबाच्या शेजारी बसलेल्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. जाधवांच्या शेवटच्या व ला कुणी व्ही लावला, कुणी डब्ल्यू, कुणी ओडब्ल्यू. पवारांचे पोवार झाले, चव्हाणांचं तर बोलूच नका. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मेडल मिळालेल्यांची कार्डं आहेत, त्यात हिंदी शिपायांचीही आहेत. मी रात्र रात्र बसून एकच नाव अकरा प्रकारांनी टाइप केलंय. गावाचं नाव तर इतकं मोडलेलं सापडतं की ते आपलंच गाव का, हे उच्चार मोठ्यानं करून बघावं लागतं. बायको झोपेतून उठून विचारते, कुणाला हाका मारताय?

मग मी उलटीकडून सुरुवात केली. घरात पणजीचं एकच वाक्य चालत आलंय: "त्यास्नी घोडं खायला लावलं हुतं." गावातला एक जण परत आला होता, त्यानं तिला सांगितलेलं. आता घोड्याचं मांस म्हटल्यावर मेसोपोटेमियातलं, म्हणजे आजच्या इराकमधलं, कुत गाव. जनरल टाउनशेंडची 6 वी पुणे डिव्हिजन तिथं 7 डिसेंबर 1915 ला वेढ्यात सापडली आणि 29 एप्रिल 1916 ला उपाशीपोटी तुर्कांना शरण गेली, सुमारे तेरा हजार माणसं. शेवटी शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आणि आपल्या लोकांनी ते खायला बराच काळ नकार दिला. त्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: 103, 110 आणि 117. म्हणजे तीनपैकी एक. एका वाक्यावरून मी इथवर आलो. आमच्या पणजीला अक्षरओळख नव्हती, पण तिनं जपून ठेवलेलं हे एक वाक्य अख्ख्या जिल्ह्याच्या दफ्तरापेक्षा जास्त कामाला आलं.

तरी पुढं गाडं अडतंच. 1922 मध्ये फौजेची फेररचना झाली आणि या पलटणींचे नंबर बदलले. 103 ची पहिली बटालियन झाली, 110 ची तिसरी, 117 ची पाचवी. अर्जात जुनं लिहावं की नवं, इथून सुरुवात. आणि मराठा म्हणून निदान पलटण तरी टिकली. आमच्या गावच्या महारवाड्यातलेही दोघं गेले होते असं म्हातारे सांगायचे. 111 महार पलटण 1917 मध्ये उभी केली आणि युद्ध संपल्यावर चार वर्षांच्या आत मोडून टाकली. त्या दोघांच्या नातवंडांनी अर्ज कुणाच्या नावानं करायचा?

गावात कोनशिला आहे. या गावातून 23 माणसं 1914 ते 1919 च्या महायुद्धावर गेली, त्यातली 4 कामी आली. बस्स. नावं नाहीत. अशा शिला साताऱ्यापासून कोकणापर्यंत गावोगाव आहेत, आणि बहुतेक ठिकाणी असाच नुसता आकडा. आमच्या शिलेवर ग्रामपंचायतीनं ऑइल पेंट मारलाय, त्यात 4 चा 9 झाल्यासारखा दिसतो. त्यावर वर्षातले आठ महिने कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला असतो. 26 जानेवारीला त्याच्यासमोरच माइक लावून "आपला जिल्हा शूरवीरांचा जिल्हा" असं भाषण होतं, आणि भाषण ठोकणाऱ्याला त्या चौघांतल्या एकाचं नाव सांगता येत नाही. मलाही तीन नावं येत नाहीत, खोटं कशाला बोलू.

बसऱ्याच्या स्मारकावरही तीच गत. मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांहून जास्त माणसांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलंय. हिंदी शिपायांचं मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त 'आणि इतर इतके'. 2021 मध्ये युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली. माफी मिळाली, ठीक. ते स्मारक तर 1997 मध्ये सद्दामनं उचलून 32 किलोमीटर लांब रस्त्याकडेला नेऊन ठेवलंय. म्हणजे तिथं जायची सोय नाही आणि गेलो तरी वाचायला आकडाच. सगळ्यांनी पणजोबाला मोजून घेतलं, नाव लिहायच्या वेळी शाई संपली. आणि आता मला म्हणतात, आकडा आणा!

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या गोऱ्या शेजाऱ्याचा पणजा फ्रान्सला मेला होता. त्यांच्याकडंही सगळं आलबेल नाही. 1940 च्या सप्टेंबरात लंडनवर बॉम्ब पडले, त्यात पहिल्या महायुद्धाच्या शिपायांचे अर्ध्याहून जास्त कागद जळून गेले. याच्या पणज्याचेही जळाले. मग तो आपल्या काउंटीच्या अभिलेखागारात गेला. 1918 मध्ये फौजेत असलेल्या मतदारांची वेगळी यादी केली होती, गावनिहाय. नाव, घर, हुद्दा, नंबर, रेजिमेंट. वीस मिनिटांत खोका टेबलावर आला. पेन आत न्यायला बंदी, शिसपेन देतात. नांगरधाऱ्याचा पोर होता तो, कुणी लॉर्ड नव्हे. "कशाला पाहिजे?" असं कुणी विचारलं नाही. भावानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी चिडून फोन ठेवला. त्याचा काय दोष, पण ठेवला.

तुम्ही म्हणाल, साहेबांच्या देशाशी बरोबरी कशाला. बरं, नको. पंजाबचं घ्या. लाहोरच्या संग्रहालयात 26 हजार पानांची रजिस्टरं पडून होती, गावागावांतून कोण गेलं त्याची, सव्वातीन लाखांच्या आसपास माणसं. तीही शंभर वर्षं कुणी उघडली नव्हती. ब्रिटनमधल्या पंजाबी लोकांनी आणि ग्रीनिच विद्यापीठानं मिळून ती 2021 पासून लोकांना घरबसल्या बघता येतील अशी करायला सुरुवात केली. आपल्याकडं तशी रजिस्टरं कुठल्या रुमालात बांधलेली आहेत का, हे बघायला कुणीतरी रुमाल सोडायला हवा. पण रुमाल सोडायला अर्ज, अर्जाला नंबर, आणि नंबर रुमालात.

परवा दुपारी फोन आला. रेकॉर्ड रूममधूनच. आवाज एकदम गोड. "साहेब, अभिनंदन! सापडली नोंद. पेढे घेऊन या." माझ्या हातातला चहा सांडला. आज सकाळी सहाची एसटी पकडून गेलो, पेढ्यांसकट. त्यानं कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीची, झेरॉक्स पुढं केली, मोडीतली, खाली कुणीतरी पेन्सिलीनं देवनागरी लिहिलेलं. गाव आमचं. बापाच्या रकान्यात माझ्या खापरपणजोबाचं नाव, शंका नको. जातीच्या रकान्यात कुणबी. साल पणजोबाच्या जन्माशी जुळणारं.

"बघा," तो म्हणाला, "तुम्ही नाही नाही म्हणत होता, आम्ही काढलीच की नाही?"

मी म्हटलं, अहो, पण मुलाचं नाव?

त्यानं बोट ठेवलं. त्या काळी बारशाआधीच नोंद व्हायची. रकान्यात लिहिलं होतं: मुलगा 1.