नातवाचं मालिश काकूंना नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणताय की आईच्या डीसीआरवर, म्हणजे बंद अश्रुनळीच्या ऑपरेशनवर, लिहून मी लोकांना ऑपरेशनची भीती घातली, तुमच्या नातवाचा सारखा पाणावणारा डोळा नुसत्या मालिशने सातव्या महिन्यात बरा झाला आणि आता काकूंच्या डोळ्यालाही तुम्ही तेच करताय.

नातवाचं अगदी बरोबर केलंत, आणि बाळांबद्दल मी एक ओळही लिहिली नाही ही माझी चूकच. बाळाच्या अश्रुनळीच्या नाकातल्या तोंडाशी पातळ पडदा राहिलेला असतो, त्यामुळे पाणी तुंबतं, चिपडं येतात, पण डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवून खाली दाबत आणलं की आतल्या पाण्याच्या दाबाने तो उघडतो. क्रिग्लर नावाच्या डॉक्टरांनी हे १९२३ मध्येच सांगून ठेवलंय. बहुतेक बाळं वर्षाच्या आत बरी होतात, नाही झाली तर बारीक सळई घालून नळी मोकळी करतात.

आईचं तसं नव्हतं हो. पडदा वगैरे काही नाही, नळीच आतून आक्रसून बंद झालेली, चाळिशी-पन्नाशीनंतर बायकांमध्ये हे जास्त दिसतं. पाणी नाकाशेजारच्या अश्रूंच्या पिशवीत साचणार, त्याचा पू होणार. आम्ही दोन वर्षं ड्रॉप घालत बसलो, घातले की बरं आणि थांबवले की परत, कारण नळी बंद ती बंदच. मग एका रात्री नाकाशेजारी लालभडक गाठ, ताप, आई हातसुद्धा लावू देईना. तेव्हा आधी अँटिबायोटिक आणि कोमट शेक, दाबायचं अजिबात नाही, कारण इन्फेक्शन डोळ्याच्या खोबणीत पसरलं तर नजरेवर बेततं. सूज उतरल्यावर डीसीआर, म्हणजे नाकाचं थोडं हाड काढून पिशवीतून थेट नाकात नवी वाट. इटलीतल्या टोटींनी १९०४ मध्ये ही पद्धत मांडली, आता नाकातून दुर्बिणीनेही करतात. आईचं बाहेरून केलं, व्रण शोधावा लागतो.

काकूंचा मोतीबिंदू पुढच्या महिन्यात काढायचाय असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून घाईने लिहितेय. पिशवीत पू असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करतात, ते जंतू ऑपरेशनच्या वेळी आत गेले तर डोळाच जाऊ शकतो. मालिश थांबवा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की डोळ्यातून सारखं पाणी येतं, सिरिंजिंग करा. पापणीच्या छिद्रातून सलाइन सोडतात, पाच मिनिटांचं काम. घशात खारट लागलं म्हणजे नळी उघडी. काकूंना लागलं का तेवढं इथे नक्की लिहा, मी वाट बघतेय.