उजेडातला एक ग्लास

मराठवाड्यातल्या बाईला चारचौघांत, उजेडात बसून वाइनचा एक ग्लास घ्यायचा असेल, तर तिनं आधी विमानाचं तिकीट काढावं. चेष्टा वाटेल, पण माझ्यापुरतं तरी हे असंच आहे.

मुंबईच्या विमानतळावर विमान लेट झालं की मी वाइन बारमध्ये जाऊन बसते. थंडगार शेनिन ब्लां, म्हणजे पांढरी वाइन, नाशिककडचीच. सोबत बशीत खारे बदाम, चीजचे तुकडे आणि ऑलिव्ह. (ऑलिव्ह मला अजून कळलेलं नाही. खारात पडलेलं काहीतरी.) बाटली ७५० मिलीची, ग्लास १५०चा, आणि त्या एका ग्लासाच्या पैशात बाहेर जवळजवळ बाटली येते. बँकेत जन्म गेला, हा हिशेब डोक्यात आपोआप होतो. तरी पैसे देते, कारण ते वाइनचे नसतातच. तिथल्या खुर्चीचे असतात. शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वर करून बघत नाही, त्याचे असतात.

देशांतर्गत विमानात दारू मिळत नाही, ते एका अर्थी बरंच. वर हवा कोरडी, दाब कमी. नाक चोंदल्यासारखं होतं आणि चव निम्मी मरते. वाइन जमिनीवरच प्यावी, बरोबर पाणीही प्यावं.

चखण्याचं मात्र कुणीतरी मनावर घ्या. किंचित गोडसर पांढऱ्या वाइनबरोबर आपली शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी काय लागेल! गोडव्यानं तिखट निवतं. रेड वाइन आणि येसराची आमटी मात्र एकत्र आणू नका, तुरटपणानं जाळ आणखी वाढतो.

आता आपल्याकडचं बघा. वाळूज-चिकलठाण्यात बिअरचे कारखाने आहेत. २०१६च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा या कारखान्यांचं पाणी कमी करायला औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं. म्हणजे बनवायची इथं, पाणी इथलं, महसूल सरकारला. प्यायची मात्र परमिट रूमच्या अंधारात, आणि बाई सोबत असली तर ‘फॅमिली रूम’मध्ये, प्लायवूडच्या आड, मळका पडदा ओढून. पडद्याआड बसलं की आपण काहीतरी चोरतोय असंच वाटायला लागतं.

२०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. विरोध करणाऱ्या सगळ्यांना मी ढोंगी म्हणणार नाही. गावात दारूबंदीसाठी, म्हणजे आडव्या बाटलीला मत द्यायला रांगेत उभ्या राहिलेल्या बाया माझ्याच खातेदार होत्या. नवऱ्याचा पगार जमा झाला की संध्याकाळपर्यंत खातं रिकामं, हे मी काउंटरच्या आतून बघितलंय. त्या बायांचं बरोबरच होतं. आणि शेतकऱ्याच्या नावानं वाइन खपवणाऱ्यांनाही एक सांगते : जालन्याकडच्या द्राक्षांच्या गावाची, कडवंचीची, बहुतेक द्राक्षं खायची आहेत, वाइनची जात वेगळी असते.

पण देशी दारूच्या दुकानाचा राग एका ग्लासावर काढून काय होतं? पिणारा पीतच राहतो, फक्त पडदा जाड होतो. संभाजीनगरात कुणी खिडक्या असलेली, चार टेबलांची, रात्री दहाला बंद होणारी जागा काढणार असेल तर सांगा. मी मैत्रिणींना घेऊन येते. शेंगदाण्याची चटणी आमच्याकडून.