कट्टा: गायतोंडेंचा रोलर आणि पक्याचा कीबोर्ड

चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं चित्र कोटींना विकलं गेल्याची ती बातमी सगळ्यांनीच वाचलेली, त्यामुळे शनिवारी अण्णांच्या टपरीवर विषय निघणार हे ठरलेलंच होतं. फक्त डॉक्टर पहिला चहा यायच्या आधीच पेटेल असं वाटलं नव्हतं. (नवीन लोकांसाठी: डॉक्टर म्हणजे पीएचडी अर्धवट सोडलेला डॉक्टर. विषय सौंदर्यशास्त्र. गाईड बिचारे अजून दुसऱ्या चॅप्टरची वाट बघतायत.)

"चित्रकार साधना करतो," डॉक्टर म्हणाला, "आणि तुमचे हे पॉपवाले माल काढतात. गायतोंडे वर्षाला पाच-सहा कॅनव्हास करायचे. पाच-सहा! बाकी वेळ नुसते बसून. आणि तुमचा बीटल्सचा पॉल मॅकार्टनी? दोन मिनिटांत गाणं."

'तुमचा' हे पक्यासाठी. पक्या दिवसा विमा विकतो, रात्री लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो आणि बीटल्स या बँडबद्दल वाकडा शब्द ऐकून घेत नाही.

"बीटल्सवरची ती डॉक्युमेंट्री पूर्ण बघितलीयेस का तू? सात-आठ तासांची आहे."

"महत्त्वाचा भाग बघितला."

म्हणजे रील बघितलं.

मग पक्या सुरू झाला आणि पक्या सुरू झाला की थांबत नाही, जानेवारी १९६९, लंडनमधला ट्विकनहॅमचा तो थंडगार स्टुडिओ, लेनन उशीर करतोय, पॉल आपला बसल्या बसल्या बास खरवडतोय, शब्दबिब्द काही नाही नुसतं हुं हुं हां हां, जॉर्ज जांभई देतोय, रिंगो बघत बसलाय, आणि त्या हुं हुं मधून हळूहळू 'गेट बॅक' वर येतं. "दोन मिनिटांत चाल आली रे डॉक्टर. गाणं नाही आलं. पुढे किती दिवस घासलंय ते, शब्द बदलले, कडवी उडवली, आणि बिली प्रेस्टन येऊन कीबोर्डवर बसला तेव्हा कुठे त्यात जीव आला."

"कीबोर्डवाल्यामुळे जीव आला," मी म्हणलं.

"फॅक्ट आहे ती."

मंजी तोवर गप्प होती. मंजी शाळेत चित्रकला शिकवते, चाळीस पोरांच्या हातात एकाच वेळी जलरंग देऊन जिवंत बाहेर येते, त्यामुळे तिला घाबरवायला सौंदर्यशास्त्र पुरत नाही.

"डॉक्टर, गायतोंडे नुसते बसायचे तेव्हा तू होतास तिथे?"

"अगं, सगळ्यांना माहितीये ते..."

"मॅकार्टनीचं खरवडणं दिसलं कारण समोर कॅमेरा होता. दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या त्यांच्या खोलीत कॅमेरा लावला असता ना, तर तूच म्हणाला असतास की हा माणूस भिंत रंगवतोय. हातात रोलर असायचा त्यांच्या. रोलर आणि पॅलेट नाइफ. कागदाचे तुकडे फाडून ओल्या रंगावर चिकटवायचे, उचलायचे, परत थर. लावायचा, काढायचा, लावायचा. पक्याच्या भाषेत टेक घ्यायचे."

"मग फरक काय राहिला?" पक्या. त्याला जिंकायचं होतं, बरोबरी नको होती.

"फरक आहे की. तुझा सातवा टेक बिघडला तर सहावा टेपवर शिल्लक असतो. माझा सहावा थर सातव्याखाली गेला की गेला. त्याला शोधायला एक्सरे लागतो." मग तिने शिकागोतल्या पिकासोच्या म्हाताऱ्या गिटारवाल्याचं सांगितलं. १९०३-०४ चं चित्र, सगळं निळं निळं, कडकीचे दिवस होते पिकासोचे. म्हाताऱ्याच्या मानेमागे नीट बघितलं तर एक चेहरा अंधुक दिसतो. एक्सरे काढल्यावर खाली आख्खी बाई निघाली.

"गिटारवाल्याच्या मागे बाई," पक्या म्हणाला. "यात एक्सरे कशाला?"

पक्याचं लग्न कसं जमलं हे माहीत असल्यामुळे आम्ही हसलो. इथे लिहीत नाही, वहिनी वाचतात.

डॉक्टर एवढ्यात हटणार नव्हता. "पण एकांत! चित्रकाराला एकांत असतो. बँड म्हणजे चार डोकी आणि तडजोड." हे बोलताना तो आकाशाकडे बघतो. आकाशात टिळक रोडच्या केबलवाल्यांच्या वायरी.

"ईनोचं काय करशील मग?" मंजी म्हणाली. "ब्रायन ईनो. शिकला आर्ट स्कूलमध्ये, वाद्य धड एकही येत नाही असं स्वतःच सांगतो, आणि आयुष्य गेलं गाण्यात. त्याने आणि पीटर श्मिट नावाच्या चित्रकाराने मिळून १९७५ मध्ये पत्त्यांचा कॅट काढला. कुठे अडलं की एक पान ओढायचं आणि त्यावर लिहिलंय ते करायचं. एक गवय्या आणि एक चित्रकार, डॉक्टर, दोघं एकाच ठिकाणी अडत होते म्हणून तर एकच कॅट चालला."

ही पानं गायक डेव्हिड बोवीच्या स्टुडिओतही गेली. १९७९ च्या 'लॉजर' अल्बमच्या वेळी एका गाण्याला तर सगळ्यांची वाद्यंच बदलली, गिटारवाला ड्रमवर, ड्रमवाला बासवर.

"आमच्याकडे हे सीझनला दर दोन लग्नांमागे होतं," पक्या म्हणाला. "फक्त पानं वेगळी असतात आणि तीन पत्ती असते."

मला खरं तर पक्याचंच एक वाक्य सगळ्यात पटलं, जे कुणी नीट ऐकलं नाही. तो म्हणाला की गाणं कधी पूर्ण होतं माहितीये का, स्टुडिओचे भाड्याचे तास संपले की. त्यावर मंजी म्हणाली माझं चित्र फ्रेमवाला न्यायला आला की. दोघं एकमेकांकडे बघून अशी हसली की जणू डॉक्टर आणि मी तिथे नव्हतोच.

"त्या कॅटमध्ये एक पान आहे," मंजी पुढे म्हणाली, "की चूक झाली तर ती म्हणजे मनातला लपलेला हेतू होता असं समज आणि तिचा मान राख."

"गिमिक!" डॉक्टर. "चूक ती चूक. खरा कलावंत तिचं भांडवल करत नाही."

मंजीने ग्लास खाली ठेवला. मला कळलं आता काय येणार, पक्यालाही कळलं, त्याने खुर्ची थोडी मागे घेतली.

"मग पडद्याचं काय?"

पडदा. कॉलेजची एकांकिका, सेकंड इयर. मंजीने तीन रात्री जागून मागचा पडदा रंगवला होता, आणि आदल्या रात्री दिग्दर्शकाने, म्हणजे डॉक्टरने, हातवारे करून पात्राची घुसमट समजावताना त्यावर भरलेला चहा सांडला. पहाटे चारला मंजीने त्या डागाचा डोंगर केला, मागे अजून दोन डोंगर काढले, मी फक्त बॅटरी धरून उभा होतो. परीक्षकांनी नेमका तो पडदा वाखाणला. आणि डॉक्टर माइकवर जाऊन म्हणाला, "आम्हाला सुरुवातीपासून धूसर क्षितिजच अपेक्षित होतं." नेपथ्यात मंजीचं नाव घ्यायचं राहिलं. अठरा वर्षं झाली.

"ते... मी सामूहिक अर्थाने आम्हाला म्हणालो," डॉक्टर पुटपुटला.

"आत्ता तर चित्रकार एकटा असतो म्हणालास!"

पक्या हसून हसून बाकावर आडवा. डॉक्टरने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि शेवटचा प्रयत्न केला. "बरं, पण डाग माझा होता एवढं तरी मान्य आहे ना? म्हणजे पहिला थर माझा."

तेवढ्यात अण्णा, जे इतका वेळ गाळणी आपटत होते आणि आम्हाला वाटत होतं ऐकत नाहीयेत, म्हणाले, "चहा माझा होता. आणि त्या रात्रीचे आठ चहा अजून वहीत आहेत."