गोळ्यांनी किडनी जाते म्हणणाऱ्यांनो, पुरे करा आता

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आलेल्या पाहुण्यांनी आबांच्या हातावरचा फिस्टुला (डायलिसिससाठी, म्हणजे मशीननं रक्त गाळण्यासाठी, शिरा जोडून केलेली जागा) पाहिला आणि लगेच सुनावलं, "शुगरन्या गोया खाईसनच किडन्या ग्यात." आबा मान खाली घालून बसले. डोकं फिरलं माझं.

गोळ्यांनी नाही गेल्या हो! वाढलेल्या साखरेनं गेल्या. तुमचं हेच वाक्य पारावर ऐकून आबांनी गोळ्या सोडल्या आणि कुणाच्या तरी पुड्या सुरू केल्या. किडनीची गाळणी बिघडायला लागली की आधी लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन उतरतं. दुखत नाही, खुपत नाही. वर्षातून एकदा लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं गाळून टाकायचा कचरा) तपासलं असतं तर वेळेत कळलं असतं. आम्हीही तपासलं नाही, तो राग माझा माझ्यावरच आहे.

मग शुगर आपोआप उतरली. पुडीवाल्याचं गावभर कौतुक! घरात आनंदीआनंद! आणि आत काय चाललं होतं? शरीरातल्या इन्सुलिनचा बराच भाग किडनी मोडते. तीच बंद पडत आली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं, म्हणून शुगर खाली येते. आबा बरे होत नव्हते, त्यांची किडनी संपत होती. पायावर सूज चढली, जेवण जाईना, रात्री धाप लागायला लागली, तेव्हा जळगावला नेलं. थेट डायलिसिस.

आता चोपड्याहून आठवड्यातून दोनदा जळगाव, मशीनवर चार-चार तास. जन्मभर केळी पिकवली त्या माणसानं, आणि पोटॅशियम वाढतं म्हणून आज स्वतःच्या बागेतलं केळं त्याला वर्ज्य. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात पाणी मोजून. तांब्याकडे बघत बसतात ते, मला बघवत नाही.

आणि गोळ्यांना भिणारे हेच लोक गुडघे दुखले की मेडिकलमधून विचारल्याशिवाय पेनकिलर आणून महिनोन्‌महिने खातात! किडनीला खरा धोका त्या गोळ्यांचा आहे, त्यावर पारावर कुणी चकार शब्द काढत नाही.

पाहुणे गेल्यावर आबांनी मला हळूच विचारलं, "पहिल्यापासूनच गोळ्या घेतल्या नसत्या तर वाचलो असतो का रे?"

इतकं सोसूनही त्यांना तेच खरं वाटतंय.