ऐंशी हजारांचा फ्लॅश आणि बचत गटाचं कर्ज

परवा रात्री सेलूहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोराला ते फ्लॅशचं सामान घ्यायचंय म्हणं. ऐंशी हजार लागतात म्हणं. बचत गटातून उचलू का?"

पोरगा म्हणजे माझा भाचा. वर्षभर झालं, जुन्या कॅमेऱ्यावर जावळं, साखरपुडे करतोय. हा आकडा आला कुठून, असं विचारल्यावर त्यानं तो मेसेज मला पाठवला. महिनाभर फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर तोच फिरतोय. मला तीनदा आला होता आणि तिन्हीदा मी न वाचता सोडून दिला होता.

मेसेजचं म्हणणं असं: फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब ठेवून काम करायचं तर कॅमेऱ्याच्याच कंपनीचा टीटीएल फ्लॅश (कॅमेऱ्यानं मोजलेल्या उजेडावर आपोआप जोर ठरवणारा) पाहिजे, मॅन्युअल (जोर हातानं ठरवायचा) लग्नात चालत नाही. आपल्याकडच्या उन्हात हाय स्पीड सिंक (फार वेगवान शटरलाही फ्लॅश चालण्याची सोय) नसेल तर पैसे पाण्यात. मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लागतोच. आणि चौथं, ज्याची ऐपत नाही त्यानं जुन्या बाजारातून रीळच्या जमान्यातला फ्लॅश आणून थेट कॅमेऱ्यावर बसवावा, "खालचा पाय सगळ्यांचा सारखाच असतो."

चौथ्यापासून सुरू करतो, कारण पोरानं तो ऐकला होता. चारशे रुपयांना फ्लॅश घेऊन आला होता. मी विचारलं, "कॅमेऱ्यावर लावलास का?" तर म्हणे, "नाही मामा, सेल आणायला निघालोय." थोडक्यात वाचला.

पाय सारखा असतो हे खरं. त्या पायावर विजेचा दाब किती आहे, हे मेसेजवाल्यानं सांगितलंच नाही. जुन्या कॅमेऱ्यात शटर उघडलं की धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि फ्लॅश उडायचा. त्या पट्ट्यांना दोनशे व्होल्ट काय नि वीस काय, सारखेच. म्हणून कित्येक जुने फ्लॅश आतल्या कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचा, दाब सरळ पायावर आणून ठेवायचे. आज त्या पट्ट्यांच्या जागी नाजूक सर्किट असतं. आयएसओ १०३३० हे आंतरराष्ट्रीय मानक नेमकं याच जोडणीसाठी आहे आणि त्यात मर्यादा २४ व्होल्टची आहे. निकॉनच्या पुस्तिकांत २५० व्होल्टपर्यंतची सूट दिसते, पण म्हणून प्रत्येक कॅमेरा तेवढं सोसेल असं धरून चालू नका. व्हिविटार २८३ हा जुन्या बाजारात नेहमी दिसणारा फ्लॅश घ्या. त्याच्या सुरुवातीच्या नगांच्या पायावर दोनशेच्या वर व्होल्ट असतात, नंतरच्या नगांवर फार कमी. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

ज्यानं आधीच घेतलाय, त्यानं गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून व्होल्ट मोजायचा मीटर आणावा. फ्लॅशमध्ये सेल घालून तयार असल्याचा दिवा लागू द्यावा. मीटर डीसीवर, सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवावा. एक टोक पायाच्या मधल्या ठिपक्याला, दुसरं बाजूच्या धातूला लावावं. २४ च्या वर काटा गेला तर तो कॅमेऱ्यावर चढवायचा नाही, स्वस्त ट्रिगरवरही (लांबचा फ्लॅश उडवायच्या यंत्रावर) नाही. आणि दुरुस्तीसाठी तो उघडायचा तर मुळीच नाही. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट साठून राहतात आणि तो झटका साधा नसतो.

आता उन्हाचा मुद्दा. यात निम्मं खरं आहे, ते मान्य करतो. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/२०० सेकंदावर ठेवलं की लेन्सचं छिद्र एफ ११ वर जातं. सेलवरच्या चांगल्या फ्लॅशचा गाइड नंबर (जोराचा आकडा, त्याला छिद्राच्या आकड्यानं भागलं की फ्लॅश किती लांब पुरतो ते कळतं) मधल्या झूमवर साधारण ३६ धरा. ३६ भागिले ११, म्हणजे सव्वातीन मीटर. उजेड पसरायला फ्लॅशवर छत्री लावली की दीड मीटरसुद्धा कसाबसा. म्हणजे एप्रिलच्या बारा वाजता छोटा फ्लॅश दमतो, हे खरंच. पण त्यावर हाय स्पीड सिंक हा उपाय नाही. त्यात शटर सरकेपर्यंत फ्लॅशला बारीक बारीक ठिणग्या मारत राहावं लागतं, म्हणून त्याचा जोर पाव किंवा त्याहूनही कमी उरतो. मागचं धूसर करायला छिद्र मोठं ठेवायचं असेल तेव्हा त्याचा उपयोग आहे. उन्हावर मात करायला नाही. त्यापेक्षा नवरानवरीला कडुलिंबाच्या सावलीत घ्या, नाहीतर पाच वाजता बोलवा.

टीटीएलचं तर उलटंच आहे. समोर पांढरं धोतर, पांढरी टोपी आली की टीटीएल उजेड कमी करतं आणि धोतर मळकं दिसतं. नवरदेवाचा काळा कोट आला की जास्त मारतं आणि चेहरा उडतो. पळत्या वऱ्हाडामागे पळायचं असेल तर टीटीएल सोयीचं आहे. पण जावळाला, हळदीला माणूस पाटावर बसलेला असतो. फ्लॅश दीड मीटरवर ठेवून पूर्ण जोराच्या १/८ वर एकदा जमवला की शेवटच्या फोटोपर्यंत उजेड तोच. अंतर दुप्पट झालं तर उजेड पाव होतो, एवढं ध्यानात ठेवायचं. मंडपातल्या दिव्यांचा उजेड शटरनं कमीजास्त करायचा, फ्लॅशचा छिद्रानं. शटर १/६० ला मागची रोषणाई येते, १/२०० ला जाते, चेहरा मात्र तसाच राहतो. हे मॅन्युअलवर आठ दिवसांत हातात बसतं.

सॉफ्टबॉक्सबद्दल फार लिहीत नाही. पांढरी छत्री, थर्माकोलची शीट आणि चुन्याची भिंत यांवर सुरुवात होते. फक्त भिंतीच्या चुन्यात नीळ जास्त असेल तर फ्लॅश तिच्यावर आपटू नका, बाळ निळसर दिसतं. आणि स्टँडला वाळूची पिशवी बांधा. छत्री वाऱ्याला शिडासारखी वागते.

माझ्याकडं गोडॉक्स टीटी६०० आहे. मॅन्युअल आहे आणि रेडिओ रिसीव्हर आतच असतो. ट्रिगर, छत्री, स्टँड, चार्ज होणारे सेल धरून सगळं पंधरा हजारांच्या आत बसलं होतं. भाच्यानं असाच फ्लॅश घेतला तर त्याला ट्रिगरही लगेच लागणार नाही. त्याच्या कॅमेऱ्याचा वर उघडणारा छोटा फ्लॅश मॅन्युअलवर अगदी कमी जोरात ठेवला आणि मोठा एस१ या मोडवर, की खोलीत एकाच्या उजेडानं दुसरा उडतो. उन्हात हे चालत नाही, आणि लग्नात दुसऱ्याच्या फ्लॅशनंही आपला उडत राहतो. तेव्हा ट्रिगर घ्यावा, आलेल्या पैशांतून.

बहिणीला काल सांगितलं, गटातून काही उचलू नकोस. छत्री आणि स्टँड माझ्याकडची नेईल तो. आणि ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढं पाठवलाय, त्यांनी निदान चौथा मुद्दा तरी आजच काढावा. सेलूतलं एक पोरगं तो खरा मानून सेल आणायला निघालं होतं.